मुलाच्या घोट्यातील ट्रेव्हर विकार : दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करण्यापूर्वी

ट्रेव्हर विकारात वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी, बहुधा सांध्याच्या एकाच बाजूला, कूर्चा (हाडाच्या टोकावरची मऊ, लवचिक ऊती) प्रमाणाबाहेर वाढते आणि कालांतराने तिचे हाड होते. साधारण दहा लाखांत एकाला होणारा हा विकार मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक दिसतो. तो आनुवंशिक नाही आणि ही गाठ कर्करोगाचीही नाही, त्यामुळे निदान कळताच शस्त्रक्रियेची घाई करू नये.

मूल उकिडवे बसताना एकाच पायाची टाच उचलली जाते का, चालताना घोटा अडकतो का, खेळून आल्यावर सूज येते का, हे पाहून तारखेसह लिहून ठेवावे. दुखत नसेल आणि पाय वाकडा होत नसेल, तर ठरावीक काळाने तपासणी करत राहणे हाच योग्य उपचार ठरतो. त्रास असेल तर एक्स-रेबरोबर एमआरआय करून घ्यावा, कारण लहान वयात गाठीचा बराच भाग कूर्चेचा असतो व तो एक्स-रेत उमटत नाही.

निर्णय गाठीच्या आकारापेक्षा तिच्या जागेवर अवलंबून असतो. सांध्याच्या पुढच्या कडेला असलेली, मूळ हाडापासून वेगळी ओळखू येणारी गाठ दुर्बिणीतून काढण्याजोगी असते. परंतु वजन पेलणाऱ्या पृष्ठभागातच मिसळलेली गाठ खरवडल्यास निरोगी कूर्चा दुखावते. म्हणून ‘गाठ वेगळी करता येईल का, आणि वाढीची पट्टी (हाडाच्या टोकाजवळचा, हाड जिथून लांब वाढते तो कूर्चेचा थर) तिच्यापासून किती दूर आहे?’ हे शल्यचिकित्सकांना स्पष्ट विचारावे.

भूल देण्यापूर्वी साधारणपणे सहा तास अन्न व दूध बंद ठेवतात. पाणी कधीपर्यंत द्यायचे, ते भूलतज्ज्ञ सांगतील. घोट्याच्या पुढच्या बाजूस दोन छोटे छेद घेतले जातात. त्याआधी पाऊल व चौथे बोट खाली वाकवून त्वचेखाली ताणली जाणारी मज्जातंतूची रेघ शोधतात आणि तिच्यावर पेनाने खूण करतात, म्हणजे छेद घेताना ती वाचते. सांधा सलाइनने फुगवून गाठ थोडी थोडी काढतात आणि तो तुकडा पॅथॉलॉजी तपासणीला पाठवतात.

घरी आल्यावर पाय उंच ठेवावा. बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेल्या, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. पायावर भार कधी द्यायचा, हे प्रत्येक मुलागणिक ठरते. सूज उतरू लागली की घोटा वरखाली हलवण्याचे व्यायाम मात्र टाळू नयेत. गाठ पुन्हा वाढू शकते, त्यामुळे हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणीला जात राहावे.