स्प्रिंगची गणितं पहिल्यांदा करताय? आधी एक्स कुठून मोजायचा ते ठरवा

ऑसिलेशनचा, म्हणजे वर-खाली किंवा पुढे-मागे होणाऱ्या हालचालीचा, चॅप्टर सुरू झाला की आधी बरं वाटतं, कारण सूत्रं मोजून दोन-तीन, बल म्हणजे उणे के एक्स (के म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा, एक्स म्हणजे ती किती ताणली किंवा दाबली ते), स्प्रिंगमधली एनर्जी अर्धा के एक्स वर्ग, झालं. मग गणितं सोडवायला बसलं की सूत्र पाठ असूनही उत्तर जुळत नाही. मी बरेच दिवस ज्युनियर्सच्या शंका सोडवतोय, आणि आता माझं मत पक्कं झालंय की गडबड आकडेमोडीत कमी आणि एक्स कुठून मोजला यातच जास्त असते.

आडव्या स्प्रिंगला हा प्रश्न येतच नाही. मूळ लांबी जिथे असते तीच मीन पोझिशन (समतोलाची मधली जागा), तिथे बल शून्य आणि वेग सगळ्यात जास्त, टोकाला याच्या उलट. इथे हमखास येणारी शंका म्हणजे बल शून्य असेल तर ब्लॉक तिथे थांबत का नाही. अहो, बल वेग बदलतं, बल नाही म्हणजे त्या क्षणी वेग बदलत नाहीये एवढंच, आणि वेग तर तेव्हा भरपूर असतो! तसंच अर्ध्या अॅम्प्लिट्यूडवर (अॅम्प्लिट्यूड म्हणजे मीनपासून टोकापर्यंतचं अंतर) एनर्जी निम्मी-निम्मी असेल असं सगळ्यांनाच वाटतं, पण एक्सचा वर्ग आहे ना, त्यामुळे तिथे पोटेन्शियल फक्त पाव आणि कायनेटिक पाऊण. समसमान वाटणी साधारण ०.७१ अॅम्प्लिट्यूडला होते. वेळेचंही तसंच, मीनपासून अर्ध्यापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ पुढच्या अर्ध्याला लागतो, कारण टोकाकडे जाताना वेग कमी कमी होत जातो.

खरी मजा उभ्या स्प्रिंगमधे. के २०० न्यूटन प्रति मीटर, टांगलेलं वस्तुमान अर्धा किलो, जी (गुरुत्वत्वरण) १० धरू. हळूहळू टांगलं तर स्प्रिंग २.५ सेंमी ताणून थांबते, कारण तिथे स्प्रिंगचं बल ५ न्यूटन आणि वजनही ५ न्यूटन. हीच नवी मीन पोझिशन. आता अजून २ सेंमी खाली ओढून सोडा. तळाला एकूण ताण ४.५ सेंमी, म्हणजे स्प्रिंग ९ न्यूटनने वर ओढतेय, वजन ५ ने खाली, उरले ४ न्यूटन वर. वरच्या टोकाला ताण फक्त अर्धा सेंमी, स्प्रिंग १ न्यूटन, वजन ५, उरले ४ खाली. दोन्हीकडे ४, आणि २०० गुणिले ०.०२ पण ४! म्हणजे नव्या मीनपासून एक्स मोजला की गुरुत्वाकर्षण हिशोबातून आपोआप बाहेर पडतं.

एनर्जीचंही करून बघा, एकदा तरी स्वतःच्या हाताने, नुसतं वाचून ते डोक्यात बसत नाही. तळाला स्प्रिंगमधे ०.२०२५ ज्यूल, मीनला ०.०६२५, म्हणजे ०.१४ ज्यूल सुटले, त्यातले ०.१० वजन २ सेंमी वर उचलण्यात गेले, उरलेले ०.०४ कायनेटिक. आणि अर्धा के एक्स वर्गात नुसते २ सेंमी घातले तरी येतं ०.०४ च. पण लक्षात ठेवा, हा शॉर्टकट वापरला तर एमजीएच (गुरुत्वाकर्षणाची पोटेन्शियल एनर्जी) वेगळं घ्यायचं नाही, आणि एमजीएच वेगळं घेतलं तर ताण मूळ लांबीपासून मोजायचा. दोन्हीची खिचडी केली की संपलं.

याच वजनावर अजून एक प्रश्न आवडीने विचारतात. हळू टांगलं तर गुरुत्वाकर्षणाची एनर्जी ०.१२५ ज्यूल कमी झाली पण स्प्रिंगमधे निम्मीच आली, बाकीची कुठे गेली? हाताने आधार देत सोडलं ना, ती हाताने काढून घेतली. एकदम सोडून दिलं असतं तर वजन २.५ ला न थांबता ५ सेंमीपर्यंत गेलं असतं आणि मग वर-खाली करत बसलं असतं. 'मॅक्सिमम ताण' विचारलाय की 'समतोलातला ताण' हे प्रश्नात नीट वाचा.

बल म्हणजे उणे के एक्स हा ज्या हुकचा नियम, त्या रॉबर्ट हुकने १६७६ मधे तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि उकल १६७८ मधे दिली. परीक्षेला उपयोग शून्य, पण मला भारी वाटतं.

प्रॅक्टिकलला आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण फेरीला लागणारा वेळ, एकेका फेरीचा मोजू नका, वरच्या आकड्यांना तो ०.३१ सेकंद येतो, स्टॉपवॉच दाबेपर्यंत गेला. वीस फेऱ्या एकत्र मोजा आणि भागा, मोजणी मीनवरून जाताना सुरू करा, तिथे वेग जास्त असल्याने क्षण नेमका पकडता येतो, टोकाला वजन रेंगाळतं. अॅम्प्लिट्यूड थोडा कमी-जास्त झाला तरी घाबरू नका, आवर्तकाल त्यावर अवलंबून नाही, फक्त वरच्या टोकाला स्प्रिंग सैल पडेल एवढं ओढू नका. आणि आवर्तकालाच्या वर्गाचा वस्तुमानाशी ग्राफ काढल्यावर रेष ओरिजिनमधून जात नाही म्हणून रीडिंग 'सुधारत' बसू नका, स्प्रिंगला स्वतःचंही वजन असतं आणि त्याचा साधारण एक तृतीयांश भाग टांगलेल्या वस्तुमानात मिळवावा लागतो. के तर स्लोपवरून काढायचा असतो, त्याला यामुळे काही फरक पडत नाही.