अमेरिकेतील मृदसंधारण अनुदान: करपात्र रक्कम कशी दाखवावी आणि खर्चाची वजावट कशी घ्यावी

अमेरिकेत शेतजमीन असलेल्यांनी सरकारकडून मृद-जलसंधारणासाठी मिळालेले पैसे करमुक्त आहेत असे गृहीत धरू नये. कायद्याने वेगळी सूट दिलेली नसेल तर ते उत्पन्नच असते. सरकारी संस्था दिलेल्या रकमा ज्यात कळवते, त्या फॉर्म १०९९-जीच्या सातव्या चौकटीत कृषी अनुदानाची रक्कम दिलेली असते. ती पूर्ण रक्कम विवरणपत्राच्या शेड्यूल एफमधील (शेतीच्या नफा-तोट्याच्या तक्त्यातील) ४ए या ओळीत आणि तिच्यातील करपात्र भाग ४बी या ओळीत लिहावा.

हा भाग किती, हे पैसा कशाबद्दल मिळाला यावर ठरते. कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅमखाली जमीन लागवडीतून काढून तिच्यावर गवत किंवा झाडे राखल्याबद्दल मिळणारे वार्षिक भाडे पूर्ण करपात्र असते आणि शेतकऱ्याला त्यावर सहसा स्वयंरोजगार करही (स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांचा सामाजिक सुरक्षेसाठीचा कर) भरावा लागतो. सोशल सिक्युरिटीचे निवृत्ती किंवा अपंगत्व लाभ घेणाऱ्यांना मात्र हा दुसरा कर लागत नाही. वयस्कर जमीनमालकांनी ही तरतूद आवर्जून पाहावी.

कामाच्या खर्चातील वाटा म्हणून मिळालेल्या अनुदानाबाबत अधिक काळजी घ्यावी लागते. सपाटीकरण, मजगी (उतारावर पायऱ्यांसारखी केलेली शेते), मातीचे बांध, चर यांसारख्या कामांचा खर्च, तो नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्वेशन सर्व्हिस या केंद्रीय संस्थेने किंवा तत्सम राज्यसंस्थेने मंजूर केलेल्या आराखड्याला धरून असेल तर, शेड्यूल एफच्या १२व्या ओळीत वजा करता येतो. पण एका वर्षी शेतीच्या ढोबळ उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपर्यंतच. पीक विकून १,२०,००० डॉलर आले आणि मजगीला ४०,००० लागले, तर यंदा ३०,००० वजा होतात व उरलेले १०,००० पुढील वर्षी नेता येतात. जो खर्च त्याच वर्षी वजा होऊ शकतो, त्यासाठी मिळालेले अनुदान वगळता येत नाही. ते उत्पन्नात धरावेच लागते. असा खर्च प्रथम होईल त्याच वर्षी वजावट घ्यावी, कारण ती तेव्हा सोडली तर पुढे पद्धत बदलण्यास आयआरएसची (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याची) संमती लागते. ठरावीक रोख भाड्याने जमीन देऊन कसण्यात सहभाग न घेणाऱ्याला ही वजावट मिळत नाही.

काँक्रीटचे बांधकाम किंवा पंप यांवर मात्र घसारा (किमतीची अनेक वर्षांत विभागून वजावट) घेतला जातो. अशा भांडवली कामाचे अनुदान वगळता येऊ शकते. त्यासाठी कृषिमंत्र्यांनी ते मुख्यतः संधारणासाठी असल्याचे प्रमाणित केलेले असावे आणि त्या कामामुळे जमिनीचे वार्षिक उत्पन्न फारसे वाढलेले नसावे. अनुदानातून झालेला खर्च, सुधारणेचे मूल्य आणि वगळलेली रक्कम सांगणारे निवेदन विवरणपत्राला जोडावे. वगळलेल्या रकमेवर घसारा किंवा वजावट घेऊ नये.

मंजूर आराखडा व बिले जपून ठेवावीत. जमीन घेतल्यापासून १० वर्षांच्या आत नफ्याने विकल्यास घेतलेल्या वजावटीचा, आणि शेवटचे अनुदान मिळाल्यापासून २० वर्षांच्या आत विकल्यास वगळलेल्या अनुदानाचा काही किंवा सर्व भाग सामान्य उत्पन्न म्हणून करपात्र होऊ शकतो.