एलपी, सीडी की एमपी३? आधी आवाज सारखा करा

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 1973 चा अल्बम 'द डार्क साइड ऑफ द मून' दोन फॉरमॅटमध्ये, म्हणजे एलपी (विनाइलची तबकडी), सीडी, एमपी३ यांपैकी कोणत्याही दोन प्रकारांत, ऐकून तुलना करायची असेल, तर आधी दोन्हींचा आवाज एकसारखा करा. जे किंचित मोठ्यानं वाजतं तेच कानाला सरस वाटतं, आणि बहुतेक जण इथंच फसतात.

दुसरी गोष्ट मास्टरिंगची, म्हणजे रेकॉर्डिंगच्या आवाजावर शेवटचा हात फिरवण्याची. या अल्बमचं 2011 मध्ये रीमास्टरिंग झालं. जुनी सीडी आणि ही नवी आवृत्ती शेजारी ठेवली, तर फरक मास्टरिंगचा ऐकू येतो, फॉरमॅटचा नाही. म्हणून एकाच सीडीवरून फ्लॅक फाइल (जिच्यात आवाजातलं काहीच गाळलं जात नाही) काढा, तिच्यापासूनच 320 आणि 128 केबीपीएसच्या एमपी३ बनवा; आकडा जितका लहान, तितका आवाजाचा तपशील जास्त गाळला जातो. मग अल्बममधल्या 'टाइम' या गाण्याच्या सुरुवातीचा घड्याळांचा गजर ऐका. 128 मध्ये टोल्यांची धार बोथट होते, घंटा एकमेकींत मिसळल्यासारख्या वाटतात. 320 आणि फ्लॅकमधला फरक ओळखणं मात्र फार अवघड. मित्राला दहादा फाइल बदलायला लावा; कोणती लावली ते त्यानं सांगायचं नाही, तुम्ही ओळखायचं. पाच-सहा बरोबर आली तर तो अंदाजच, नऊ आली तर खरंच ऐकू येतंय.

आपल्याकडं, परभणी असो की लातूर, उन्हाळ्यात कूलर बंद केल्याशिवाय ही चाचणी करूच नका. अल्बमच्या सुरुवातीची हृदयाची धडधड त्या घरघरीत पार बुडते. रात्री उशिरा, हेडफोन लावून बसा. एलपी असेल तर ती उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवू नका, वाकडी होते. घरात थंड कोपऱ्यात, उभीच ठेवा.