भावंडांचा बँड: आधी भांडण, मग गाणं

आमच्या बँडमध्ये मी ड्रम्सवर, ताई गिटारवर आणि धाकटा भाऊ बेसवर (खालचे, खर्जातले स्वर देणारी गिटार). बँड सुरू केला तेव्हा तो दहा वर्षांचा होता, बेस त्याच्याहून उंच! तुमचंही असंच असेल तर लहान मापाचा, शॉर्ट स्केल बेस घ्या, बोटं पुरतात.

सुरुवात तीन कॉर्ड्सच्या (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर) गाण्याने करा. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र किंवा अॅप) मिनिटाला ८० ठोक्यांवर ठेवा, चूक न होता दोनदा वाजलं की पाचने वाढवा. ड्रमरने मेट्रोनोम हेडफोनमधून ऐकावा, नाहीतर कोरस (धृपद) आला की तो पळतोच, म्हणजे वेग वाढवतो (मी पळायचे).

खरी जमेची बाजू म्हणजे आवाज. भावंडांचे उच्चार आणि आवाजाचा पोत जुळतो, म्हणून हार्मनी (एकाच वेळी वेगवेगळे जुळणारे स्वर गाणं) पटकन बसते. एकाने मूळ चाल धरावी, दुसऱ्याने तिच्यावरचा तिसरा स्वर. मुलाचा आवाज फुटायला लागला की हट्ट करू नका, गाण्याची पट्टी दोन-तीन सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन-तीन पट्ट्या) खाली आणा. आम्ही हट्ट केला आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये ताईला ऐनवेळी धाकट्याच्या ओळी गाव्या लागल्या.

प्रसिद्धीचं म्हणाल तर हॅन्सन बंधू (तीन भावांचा अमेरिकन पॉप बँड) १९९७मध्ये जगभर गाजले तेव्हा धाकटा झॅक अकरा वर्षांचा होता. पण त्याआधी त्यांनी स्वतःच दोन अल्बम काढले होते. तेव्हा आधी छोटे कार्यक्रम करा, प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐका.

आणि हो, गाणं कुणी लिहिलं, कुणाचा वाटा किती, हे त्याच दिवशी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आईचीसुद्धा.