उन्हाळ्यात फुलणाऱ्या उंच झाडांचा ताटवा: कोकणात या चुका टाळा

कर्दळ, हेलिकोनिया, निशिगंध, डे लिली ही बहुवर्षायू फुलझाडे कोकणात गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला सहज रुजतात, तरीही ऐन उन्हाळ्यात ताटवा ओकाबोका दिसतो. मग उन्हाला दोष देऊन पाणी वाढवले जाते. प्रत्यक्षात बिघाड बहुधा मागच्याच पावसाळ्यात झालेला असतो.

जांभ्यात पहारीने खड्डा काढून त्यात शेणखत-माती भरायची आणि कंद लावायचे, ही सर्रास दिसणारी पद्धत येथे घातक ठरते. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही बहुतांशी जून ते सप्टेंबरमध्ये. अशा वेळी तो खड्डा म्हणजे छोटा हौदच होतो. कर्दळ त्यात तग धरते, निशिगंध मात्र कुजतो. म्हणून सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा आणि कडेच्या चिऱ्यांमध्ये पाणी निघून जाण्यास फटी ठेवाव्यात.

कर्दळीला पाने उदंड आणि फुले तुरळक असतील, तर सावली, दाटी आणि जादा युरिया यांपैकी एक कारण बहुधा असते. माडांच्या दाट सावलीत ती नुसती उंच वाढते. एका दांड्यावरचा बहर संपला की तो पुन्हा फुलत नाही. तो जमिनीलगत छाटल्यास गड्ड्यातून येणाऱ्या नव्या फुटव्यांना जागा मिळते. दोन-तीन वर्षांनी आगोटीला (पावसाळ्याच्या तोंडावर) गड्डे उकरून विरळ करावेत. कोवळे पान उलगडेनासे झाले असेल, तर ती सुरळी हाताने सोडवून पाहावी: आत फिकट हिरवी, जवळजवळ पारदर्शक अळी आणि तिच्या काळ्या विष्ठेचे कण सापडतात. बाहेरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही, त्यामुळे ते पान तोडून नष्ट करणेच बरे.

डेल्फिनियम व ल्युपिन यांचा नाद मात्र किनारपट्टीवर सोडावा. त्यांना लागणारी थंडी येथे पडतच नाही.

आधाराच्या काठ्या वळवाच्या पावसाआधी, दांडे गुडघाभर असतानाच रोवाव्यात आणि दांडे त्यांना सुंभाने सैल बांधावेत. निशिगंधाचा दांडा एकदा आडवा झाला की त्याचा शेंडा तेवढा वर वळतो, आणि मग काठीला बांधूनही तो वाकडाच राहतो.