कुसळ काढायच्या आधी

‘दोष काढू नका’ (मत्तय ७:१) हे बायबलमधलं वचन तोंडपाठ असतं, पण पाचवं वचन आपण अर्धंच वाचतो. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं प्रभू येशू तिथे म्हणतो. कुसळ तसंच राहू द्या, असं तो म्हणत नाही.

समजा, मंडळीतली (चर्चमधली) एक बहीण तीन रविवार उपासनेला आली नाही. मनात लगेच येतं, ‘हिचा विश्वास थंडावलाय.’ इथेच थांबा आणि वहीत फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहा: ‘तीन रविवार दिसली नाही.’ बाकी सगळी आपली भर. खाली आपली तशीच एखादी चूक लिहा, तीही नेमकी: ‘या महिन्यात मी दोनदा प्रार्थनासभा चुकवली.’ ‘मीही पापीच आहे’ एवढं मोघम लिहिलं तर मुसळ जागचं हलत नाही.

मग तिला फोन करा. ‘उपासनेला का येत नाहीस?’ असं विचारलं की ती खुलासे देत बसते. ‘बरेच दिवस भेट नाही, कशी आहेस?’ एवढंच विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. ऐकण्याआधी उत्तर देणं मूर्खपणाचं आहे, असं नीतिसूत्रे १८:१३ सांगतं. घरात आजारपण असेल, मंडळीतल्याच कुणाचं बोलणं लागलं असेल.

सगळ्यात जास्त घसरण होते ती प्रार्थनेच्या विषयात. ‘तिच्यासाठी प्रार्थना करा हं, घरी काहीतरी चाललंय’ हे चहाडीचंच सोवळं रूप आहे. तिने परवानगी दिली नसेल तर चारचौघांत नाव घेऊ नका.

खरोखर अपराध झाला असेल तर मत्तय १८:१५-१७ चा क्रम पाळा: आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, शेवटी मंडळीपुढे. पण मारहाण किंवा मुलांवर अत्याचार होत असेल तर हा क्रम लावत बसू नका. आधी त्यांना सुरक्षित जागी हलवा आणि पोलिसांना कळवा. तिथे गप्प राहण्याला सहनशीलता म्हणत नाहीत.

राग आला असताना लिहिलेला मेसेज रात्री पाठवू नका. इफिस ४:२६ प्रमाणे सूर्य मावळण्याआधी राग देवापुढे मोकळा करा, मेसेज सकाळी पुन्हा वाचा. बहुतेकदा निम्मा खोडावा लागतो.

धीर म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. लूक १३ मधल्या दाखल्यात मालक फळ न देणारं अंजिराचं झाड तोडायला सांगतो, तेव्हा माळी त्यासाठी आणखी एक वर्ष मागतो, आणि त्या वर्षात भोवती खणून खत घालायचंही कबूल करतो. तुम्हीही मुदत ठरवा: एक महिना, रोज तिचं नाव घेऊन प्रार्थना, आठवड्याला एक फोन. महिन्यानंतरही ती आली नाही तर पाळकांनी भेटायला आलेलं चालेल का, हे आधी तिलाच विचारा.