जुना व्हिडिओ गेम, नवा टीव्ही: रंग कसे लावायचे

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या रामबागेतल्या घरी माळ्यावर दादाचा आठ बिटचा व्हिडिओ गेम सापडला, पिवळ्या कॅसेटसकट. जेल रोडवरून एव्ही केबल आणली, मारिओ लावला, तर चित्र काळं-पांढरं! गेम धडधाकट होता. आमच्या टीव्हीला पिवळ्या (एव्ही) आणि हिरव्या (कंपोनंट) पिनेसाठी एकच भोक आहे आणि सोर्स कंपोनंटवर राहिला होता. एव्ही निवडताच रंग आले. तुमच्याकडे नाहीच आले, तर कलर सिस्टिम ऑटो किंवा पालवर (आपल्याकडच्या जुन्या टीव्ही सिग्नलची रंगपद्धत) ठेवून बघा.

भडक रंगांचा व्हिविड मोड आधी काढा. स्टँडर्ड किंवा गेम मोड घ्या, कलर टेंपरेचर वॉर्म. कलरच्या आकड्याला इतक्यात हात लावू नका. काळा नीट बसल्याशिवाय कुठलाच रंग खरा दिसत नाही, आणि काळा बऱ्याच टीव्हींवर ठरतो ब्राइटनेसवर.

मारिओला १-२ लेव्हलच्या भुयारात न्या आणि पॉज करा. खोलीत रोज खेळताना असतो तेवढाच उजेड ठेवा. भुयाराचा काळा राखाडी होईपर्यंत ब्राइटनेस वाढवा, मग एकेक आकडा उतरवत या. राखाडीपणा गेला की तिथेच थांबा. आमच्याकडे ५० वरून ४६ वर आला. त्याखाली गेलं की गडद निळसर गूम्बा (मारिओवर चालून येणारे छोटे शत्रू) काळ्यात बुडायला लागतात.

कॉन्ट्रास्टसाठी १-१ मधले ढग बघा. त्यांच्या पोटात फिकट निळी छटा आहे. ती पांढऱ्यात विरली तर आकडा जास्त झाला. स्कोअरच्या अंकांभोवती पांढरी कड दिसली तर शार्पनेस उतरवा.

आता कलर हळूहळू वाढवा. मारिओच्या टोपीवर नजर ठेवा. या केबलमधून रंगाचा तपशील मुळातच कमी येतो, त्यामुळे लाल पटकन कडेबाहेर सांडतो. सांडला की थोडं मागे या.

दादाला आकाश जांभळट वाटलं. १९८३ च्या मूळ फॅमिकॉममधली (निन्टेन्डोचा व्हिडिओ गेम) चिप लाल-हिरवा-निळा असे वेगळे रंग बाहेर देतच नाही, थेट टीव्हीचा सिग्नल बनवते. म्हणून तेच आकाश एका टीव्हीवर निळं, दुसऱ्यावर जांभळट दिसायचं. पाल सिग्नलवर टिंट (रंगांची छटा सरकवणारं सेटिंग) बहुधा बंदच असतं, तेव्हा त्याच्या मागे लागू नका. आणि मोबाइलवर फोटो काढून रंग जोखू नका, कॅमेरा आपले रंग मिसळतो. आम्ही दोघं सोफ्यावर बसून, डोळ्यांनी बघूनच आकाश ठरवलं.